नऊ किलोमीटर रस्ता, एक किलोमीटर ट्रॅक

गेल्या उन्हाळ्यात मावसभाऊ वसमतहून कागदांची एक जाड चळत घेऊन घरी आला. दोन दारांच्या स्पोर्ट्स कारची ऑर्डर द्यायची होती. पानोपानी रिकामे चौकोन होते आणि प्रत्येक चौकोनापुढे किंमत. चाकं कोणती, सीट कोणती, ब्रेक कोणते, छत कसं, शिलाईचा दोरा कोणत्या रंगाचा, इथपर्यंत सगळं विचारलेलं. हळदीच्या व्यापारात वीस वर्षं काढलेल्या माणसानं स्वतःसाठी पहिल्यांदाच काही मागितलं होतं. त्याच्या अटी दोनच होत्या. गाडी रोज वसमत, औंढा, हिंगोली, नांदेड अशी फिरली पाहिजे आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅकवर गेली पाहिजे.

त्याला सल्ले भरपूर मिळाले होते. कोणी म्हणालं, या जिल्ह्यात असली गाडी हवीच कशाला? कोणी म्हणालं, घ्यायचीच तर फुल टॉप घे, एकही चौकोन मोकळा ठेवू नकोस. आणि एका जाणत्या म्हाताऱ्यानं सांगितलं, शंकरपटाचा बैल नांगराला जुंपत नसतात. ट्रॅकची गाडी वेगळी आणि रोजची वेगळी. हे तिन्ही सल्ले प्रेमापोटी दिलेले होते आणि माझ्या मते तिन्ही चुकीचे आहेत.

पहिला आक्षेप मी हलक्यात घेत नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा हिंगोली जिल्हा सोयाबीन, कापूस, हळद आणि पावसाच्या भरवशावर जगतो. इथे महागडी गाडी दारात लावली की लोक वळून बघणार आणि त्यांनी बघावंही. पण आक्षेप पैशाचा असेल तर तो लग्नातल्या मांडवाला आणि गावाबाहेर बांधलेल्या रिकाम्या बंगल्यालाही लागू पडतो. वेगाचा असेल, तर मी उलटं म्हणतो. अकोला–वाशिम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाल्यापासून रात्री नऊनंतर त्यावर पोरं मोटारसायकली ताणतात. समोरून हळदीचा ट्रक येतो, बाजूने बिनदिव्याची ट्रॉली येते. वेगाची हौस असलेल्याला वेगासाठी बांधलेली जागा दाखवणं हे त्याच्या जिवासाठी चांगलं आणि रस्त्यावरच्या बाकीच्यांसाठी त्याहून चांगलं. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, डोक्यावर हेल्मेट असतं, कडेला झेंडा घेतलेला माणूस असतो आणि रुग्णवाहिका उभी असते.

म्हाताऱ्याच्या बैलाकडे नंतर येतो. आधी ‘फुल टॉप’.

आपल्याकडे गाडी घेणाऱ्याला फार निवड करावी लागत नाही. कंपनीनं चार-पाच मॉडेलं ठरवून ठेवलेली असतात आणि वरच्यात सगळं असतं. त्यामुळे जास्त पैसे म्हणजे जास्त चांगली गाडी, हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं आहे. सुट्या पर्यायांच्या यादीत ते समीकरण मोडतं. तिथे काही पर्याय एकमेकांच्या विरोधात काम करतात आणि पैसे मोजून गाडी बिघडवता येते.

सनरूफच घ्या. भावाचा सगळ्यात मोठा हट्ट तोच होता. “दादा, एवढे पैसे घालायलो नि सनरूफ नको म्हणायलास?” मी त्याला खुर्चीवर ताठ बसवलं, त्याचं जुनं हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि वर तळहात धरला. सनरूफच्या यंत्रणेमुळे छत आतल्या बाजूने खाली येतं. बोटभर उंची जाते. पावणेसहा फुटांचा माणूस एरवी आरामात बसतो, पण ट्रॅकवर हेल्मेट घातलं की डोकं छताला टेकतं. मग सीट मागे कलवावी लागते, हात लांब पडतात, स्टिअरिंगवरची पकड सैल होते. शिवाय काचेचं आणि मोटरचं वजन गाडीच्या सगळ्यात उंच जागी बसतं, म्हणजे वळणावर जिथे ते नको असतं नेमकं तिथेच. आणि मे महिन्यात पारा बेचाळीसला गेला की वसमतमध्ये कोणी छत उघडून फिरत नाही.

मोठ्या चाकांचंही तसंच. वीस इंची चाक फोटोत देखणं दिसतं, कारण त्यावरचा टायर पातळ असतो. तो पातळ टायर आपल्या जमिनीवर टिकत नाही. काळी कपाशीची माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता दोन-तीन पावसाळ्यांत लाटांसारखा वरखाली होतो, कडा खचतात. औंढ्याच्या रस्त्यावर सकाळी तिरपं ऊन पडलं की डांबरावरच्या या लाटा नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. खड्ड्याची कड पातळ टायरला चिरडून सरळ रिमवर बसते. रिम वाकतं किंवा टायरच्या बाजूला फुगा येतो. एक-दोन इंच लहान चाक आणि त्यावर जाड टायर हा यादीतला स्वस्त पर्याय आहे आणि चांगलाही. लहान चाक सहसा हलकंही असतं, त्यामुळे ट्रॅकवर काही गमवावं लागत नाही.

सिरॅमिक ब्रेकवर मी सगळ्यात जास्त वाद घातला. त्यांची किंमत एखाद्या छोट्या गाडीएवढी असते. ते हलके असतात, गंजत नाहीत, चाकांवर काळी भुकटी उडवत नाहीत. हे सगळं खरं. पण ट्रॅकवर डिस्क झिजतेच आणि झिजलेली सिरॅमिक डिस्क बदलायची तर पुन्हा तेवढाच खर्च. लोखंडी डिस्क झिजली तर बदलून टाकता येते. शिवाय ट्रॅकवर नवख्याचे ब्रेक जातात ते बहुतेक वेळा डिस्कमुळे जात नाहीत, ब्रेक ऑइल उकळल्यामुळे जातात. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, ओल धरलेलं १५५ अंशांपर्यंतच. ते उकळलं की नळीत वाफ होते आणि पॅडल पायाखाली मऊ होऊन खाली बसतं. एकदा ते पॅडल पायाखाली बसलेलं अनुभवलं की माणूस शिलाईच्या दोऱ्याचा रंग विसरतो. ट्रॅकला जाण्याआधी ताजं ऑइल आणि उष्णता सोसणारे पॅड, एवढं काही हजारांत होतं.

आता म्हाताऱ्याचा बैल. हा आक्षेप तिन्हींत वजनदार आहे, कारण त्यामागे अनुभव आहे. पटाच्या जोडीला वेगळा खुराक, वेगळा सराव; तिला औताला जुंपली तर पटाला ती राहत नाही. पण बैलाचे खूर बदलता येत नाहीत, गाडीचे टायर बदलता येतात. सस्पेन्शन बटनाने मऊ-कडक करता येतं. पुढे अडथळा आला तर नाक उचलता येतं. एकाच गाडीनं दोन कामं करावीत यासाठीच तर ही यादी असते. ती नीट भरली नाही तरच म्हातारा खरा ठरतो.

नीट भरायची कशी, याचं उत्तर मला एका साध्या हिशेबात सापडलं. महाराष्ट्रात गाडी मनासारखी पळवण्याची जागा म्हणजे तळेगावजवळचा नाणोलीचा ट्रॅक. इथून तो सुमारे साडेचारशे किलोमीटर. चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचा करी, ग्रेटर नोएडाचा बुद्ध हे तर हजार किलोमीटरच्या घरात किंवा त्यापलीकडे. तळेगावला जाऊन-येऊन नऊशे किलोमीटर होतात आणि दिवसभरात ट्रॅकवर प्रत्यक्ष धाव होते शंभराच्या आसपास. म्हणजे ट्रॅकच्या एका किलोमीटरमागे रस्त्याचे नऊ, आणि यात रोजचं वसमत–नांदेड धरलेलंच नाही. त्यामुळे माझ्या मते यादीतल्या प्रत्येक चौकोनाचा निवाडा रस्त्यानं करावा, ट्रॅकनं नव्हे. रस्त्यावर जी वस्तू नकोशी वाटेल ती ट्रॅकपर्यंत पोचणारच नाही, कारण त्याआधी मालक गाडीला कंटाळलेला असेल.

एकसंध पाठीच्या कडक बकेट सीट याच कसोटीवर गळतात. माझी मावशी सत्तरीची आहे. तिला श्रावणी सोमवारी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला न्यायचं असतं. खाली बसक्या गाडीत शिरताना ती एक हात दाराच्या चौकटीवर ठेवते, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि अलगद खाली सरकते. उंच कडांच्या बकेट सीटमध्ये तिला बसता येणार नाही आणि बसली तर उठता येणार नाही. पाठ मागेपुढे होणारी, कुशीला धरणारी, उंची बदलणारी स्पोर्ट सीट घेतली की मावशी बसते आणि मुलगाही वळणावर घसरत नाही. लोखंडी पिंजरा बसवण्याचा सल्ला देणाऱ्यांना तर हात जोडून सांगतो, हेल्मेटशिवाय रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो डोक्याजवळचा पाइप अपघातात जीव घेऊ शकतो.

मग पैसे घालायचे कशात? जे नंतर बसवता येत नाही त्यात. कमीजास्त होणारं सस्पेन्शन, मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणारं लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, चांगले दिवे, योग्य सीट आणि मिळत असेल तर नाक उचलण्याची सोय. ही शेवटची सोय चैन वाटते, पण पोर्शे ९११ मध्ये ती पुढची बाजू सुमारे ४० मिलिमीटर वर घेते आणि आपल्या गावांतले बिनपट्ट्यांचे, उकिरड्यासारखे ढीग घातलेले स्पीड ब्रेकर आठवले की हे ४० मिलिमीटर म्हणजे पुढचा बंपर वाचणं. दिव्यांबद्दल तर मी अडूनच बसलो. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फक्त लोंबणारं वाढं दिसतं आणि तेही अगदी जवळ गेल्यावर. समोरच्याचे डोळे न दिपवता दूरवर उजेड टाकणारे दिवे या जिल्ह्यात इंजिनाच्या ताकदीपेक्षा जास्त मोलाचे आहेत.

जे झिजतं ते मात्र नंतरसाठी ठेवावं. ट्रॅकचे कमी नक्षीचे टायर ऑर्डरमध्ये घेऊन रोज चालवणं तर मुळीच नको. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेतातून निघाला की चाकांना चिकटलेला काळा चिखल डांबरावर गोळ्यागोळ्यांनी पडतो. वर एक सर आली की रस्ता लोण्यासारखा होतो. खोल नक्षीचे टायर रोज ठेवावेत आणि दुसरा संच वेगळा घ्यावा. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे तासन्‌तास चालायचं तर टायरची हवा थंड असताना मोजावी आणि टायरवर कोरलेला बनण्याचा आठवडा व वर्ष बघावं.

“आता साधी घेऊ, बाकी बाहेरून बसवू” म्हणणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. एमएच ३८ पाटीची गाडी पुण्यात अडवली गेली तर दुकानदार सोडवायला येणार नाही. आणि विम्याची कागदपत्रं वाचा. शर्यत आणि वेगाची चाचणी आपल्याकडच्या नेहमीच्या पॉलिसीत वगळलेली असते. ट्रॅकवर झालेलं नुकसान खिशातून भरायची तयारी असेल तरच तिकडे जावं.

हे सगळं फक्त कोटीच्या गाडीला लागू आहे असंही नाही. २०२१ मध्ये टीव्हीएसनं अपाची आरआर ३१० ही मोटारसायकल मागणीनुसार बनवून द्यायला सुरुवात केली. त्यात हवं तसं जुळवता येणारं सस्पेन्शन एका किटमध्ये होतं आणि खाली वाकून बसण्याचं हँडल व उंच फूटरेस्ट दुसऱ्यात. रोज हिंगोली–कळमनुरी करणाऱ्या पोरानं पहिलं घ्यावं, दुसरं सोडावं. त्या वाकलेल्या हँडलवर तासाभरात मनगटं भरून येतात.

त्या रात्री दोनच्या सुमारास भावानं यादी बंद केली. सनरूफ, मोठी चाकं, सिरॅमिक ब्रेक, कार्बनची सजावट, हे चौकोन मोकळे राहिले. वाचलेल्या पैशांतून टायरचा दुसरा संच, ब्रेक पॅड आणि दोन दिवसांचं शिक्षकाचं शुल्क निघालं, आणि तरी शिल्लक उरली. तुमच्यापैकी कोणी अशी यादी घेऊन बसला असाल तर सही करण्याआधी एक करा. आहे ती गाडी घेऊन ऊस चालू असताना रात्री आठनंतर हिंगोलीहून औंढामार्गे वसमतला जा, आईला किंवा मावशीला शेजारी बसवा, आणि घरी येऊन मगच चौकोन भरा.