शाळिग्रामाला हात

भाऊजी हे वाचणार आहेत, हे मला ठाऊक आहे. त्यांनी वाचावं म्हणूनच लिहिते आहे. तोंडावर बोलायला हवं होतं ते गेल्या तुळशीच्या लग्नात बोलले नाही, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

झालं असं, की शिरगावच्या आमच्या घरी गॅलरीतल्या तुळशीपुढे मांडामांड चालली होती. ऊस, चिंचा, आवळे सगळं आलं होतं. देवघरातून बाळकृष्ण आणि शाळिग्राम आणायचे राहिले होते. दहा वर्षांची नात तबक घेऊन गेली. तिने शाळिग्राम उचलला, समईच्या उजेडात फिरवून पाहिला आणि ओरडली, "आजी, हा तर अमोनाइट आहे! माझ्या पुस्तकात आहे!"

भाऊजींचा आवाज चढला. "देवाला प्राणी म्हणतेस? आणि आधी खाली ठेव तो. बायकामुलींनी शाळिग्रामाला हात लावायचा नसतो."

पोरगी रडवेली झाली. आणि मी, उभी हयात वर्गात आवाज चढवून शिकवलेली बाई, काय म्हणाले? "जाऊ दे गं, चल, अक्षता वाट." शोभलं का मला?

तिचं बरोबर होतं, भाऊजी. शाळिग्राम येतात नेपाळातल्या काली गंडकीतून. वर मुस्तांगात, मुक्तिनाथाच्या बाजूला काळ्या, पापुद्र्यापापुद्र्यांच्या खडकाचे थर आहेत. पाणी ते पोखरतं आणि त्यातले गोटे वाहत खाली येतात. गोट्यातलं चक्र हे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या प्राण्याचं घर आहे. तेव्हा हिमालय नव्हता, तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. पुढे आपला भूखंड उत्तरेला सरकत जाऊन आशियाला भिडला आणि त्या समुद्राचा तळच उचलला गेला. म्हणून समुद्रातला जीव आज साडेतीन हजार मीटर उंचीवर सापडतो.

दिसायला गोगलगायीसारखा, पण हा प्राणी गोगलगायीच्या जवळचा नव्हे. आपल्या बाजारात म्हाकूळ मिळतात ना, त्यांच्या आणि ऑक्टोपसच्या गोतातला. अंग वाढलं की हा पुढे मोठी खोली बांधून तिच्यात राहायला जाई आणि मागची भिंत घालून बंद करी. बदलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. वन रूम किचनमधून वन बीएचके, मग टू बीएचके. फरक इतकाच, की हा जुनी खोली विकत नसे. त्या बंद खोल्यांत वायू असे आणि त्याच्या जोरावर तो पाण्यात तरंगे. मेला की तळाच्या काळ्या चिखलात रुते, त्याच्याभोवती खनिजं साचून गोटा तयार होई. काही गोट्यांत सोन्यासारखी चमक दिसते ती लोह आणि गंधक यांच्या खनिजाची, सोन्याची नव्हे.

आता यात देवाचा अपमान कुठे झाला? गंमत म्हणजे शास्त्रज्ञांनी दिलेलं नावसुद्धा देवाचंच आहे. इजिप्तमध्ये आमून नावाचा देव होता, त्याला मेंढ्याची वळलेली शिंगं. ही चक्रं त्या शिंगांसारखी दिसतात म्हणून अमोनाइट. इंग्लंडात व्हिटबी गावी हेच जीवाश्म सापडतात. तिथले लोक सांगत, की संत हिल्डाने सापांचे दगड केले. काही कारागीर तर दगडाला सापाचं डोकं कोरून विकत. पुढे खरं काय ते कळलं, म्हणून हिल्डाबाईंचं काही बिघडलं नाही.

आपल्याकडे वज्रकीटाची कथा आहे. वज्रासारख्या दातांचा किडा दगड कोरत आत जातो आणि चक्र उमटवतो. लहानपणी मला ती खरी वाटे, मोठेपणी खुळचट वाटू लागली. आता वाटतं, ज्याने ती प्रथम सांगितली त्याने दगड नीट निरखला असणार. हे वळण पाण्याचं किंवा वाऱ्याचं नव्हे, जिवंत प्राण्याचं काम आहे, एवढं त्याने ओळखलं. फक्त दिशा उलटी झाली. किडा दगडात शिरला नाही, किड्याच्या घरात दगड शिरला.

मात्र एवढ्यावरून "आपल्या ऋषींना सगळं आधीच ठाऊक होतं" असले जे निरोप फोनवर फिरतात, ते मला पाठवू नयेत. कथेत समुद्र नाही, १५ कोटी वर्षं नाहीत. कच्छातल्या अमोनाइटांवर १८७० च्या दशकात वागेन नावाच्या युरोपीय अभ्यासकाने ग्रंथ लिहिला, तो नमुने थराथरांनी तपासून. ते श्रम ज्याचे त्याला द्यावेत.

आणि आमच्या चिरंजीवांनीही फार हसू नये. "आई, तो नुसता फॉसिल आहे, पूजा कसली करतेस?" नुसता? १५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र तळहातावर घ्यायचा आणि वर नुसता म्हणायचं?

माझाही एक गुन्हा आहे. १९८० च्या आसपास वर्गातला एक मुलगा उल्हास नदीतले काळे गुळगुळीत गोटे खिशात भरून आला आणि म्हणाला, "बाई, हे शाळिग्राम का?" मी म्हटलं, "जागेवर बस, पुस्तक काढ." किती चांगला प्रश्न होता! उत्तर होतं, नाहीत. आपल्याकडचा काळा दगड लाव्ह्याचा. इ. स. १०६० चं अंबरनाथचं शिवमंदिर त्याचंच आहे. तापलेल्या लाव्ह्यात कसला शंख टिकतोय? पण पुढचं ऐकून तो मुलगा जागेवरून उठला असता. हा लाव्हा वाहिला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, आणि जगातले अमोनाइट डायनासोरांबरोबर संपले तेही त्याच सुमाराला. मेक्सिकोत पडलेल्या अशनीने ते मारले की आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचाही त्यात हात होता, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. मला हे त्या वेळी माहीत नव्हतं, हे खरं. पण "मला माहीत नाही, आपण शोधू" म्हणायला काय जात होतं?

आता हात लावण्याचं. भाऊजी, निषेध काही ग्रंथांत आहे, मान्य. सोळाव्या शतकातल्या हरिभक्तिविलासात मात्र दीक्षा घेतलेल्या वैष्णव स्त्रियांना शाळिग्रामाच्या पूजेचा अधिकार दिलेला आहे. आणि पुराणांत आणखी एक निषेध आहे: शाळिग्रामाची किंमत करू नये, करणाऱ्याला नरक. तुम्ही दोन वर्षांपूर्वी फोनवरून शाळिग्राम मागवलात, प्रमाणपत्रासकट, आणि किती सवलत मिळाली ते आम्हाला कौतुकाने सांगितलंत. (तो खरा असो म्हणजे झालं, कोरलेल्या नकलाही विकतात.) पैशाचा नियम मोडला तेव्हा देव रागावला नाही, दहा वर्षांच्या मुलीच्या बोटांनी रागावला?

अशा खरेदीने आणखी एक होतं. गोटा कुठल्या थरातला, कुठल्या वळणावर सापडला, हे सगळं पुसलं जातं आणि उरते फक्त किंमत. यात्रेकरू नदीत उतरून एखादा शोधतो ते वेगळं, गोणीने भरून विकणं वेगळं.

शेवटचं सांगून टाकते. मी १९७२ साली या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, देवघरातलं सगळं पूस, तेवढा सोडून. ४७ वर्षं सोडला. २०१९ साली हे गेले. मुलगा पुण्याला. तुम्ही म्हणालात, वहिनी, वरून पळीने पाणी घाला, तेवढं चालतं. मी मान हलवली.

भाऊजी, मी पळीने घालत नाही. पहिल्याच दिवशी उचलला. अपेक्षेपेक्षा जड लागला. तेव्हापासून रोज तळहातावर घेऊन आंघोळ घालते, पंचाने पुसते, तुळस वाहते. चक्रावर कंगोरे आहेत, बोट फिरवलं की मोजता येतात. एका बाजूचे झिजलेत, बहुतेक आमच्या घराण्यातल्या पुरुषांच्या अंगठ्यांनी.

यंदा तुळशीच्या लग्नाला नात येते आहे. शाळिग्राम तीच आणील आणि अमोनाइट म्हणजे काय ते मंगलाष्टकांआधी सगळ्यांना सांगील, असं आमचं ठरलं आहे. तुम्ही या. तुमचाही घेऊन या, खरा की खोटा ते ती भिंगाने बघणार आहे.