जात्याला तिसरा हात

इंदूरच्या एका वाचक भगिनींचे पत्र आमच्या पुढ्यात आहे. यजमानांच्या पश्चात मसाला दळण्याच्या चक्कीवर त्यांनी दोन मुलांची शिक्षणे चालविली. आता भाड्याचा गाळा सोडावा लागत असून चक्की घराच्या पडवीत आणावयाची आहे. चक्कीची मोटार तीन अश्वशक्तीची, तीन फेजची. घरातील वीज मात्र एका फेजची. एक मिस्त्री म्हणतो, ‘कंडेन्सर लावून देतो.’ दुसरा म्हणतो, ‘मोटार भंगारात घाला.’ ‘मोटार जळाली तर महिन्याची कमाई वाइंडिंगात जाईल. काय करावे?’ असे त्या विचारतात.

प्रथम अडचण कोठे आहे ते पाहू. जात्याभोवती तिघीजणी सारख्या अंतरावर बसल्या असून पाळीपाळीने खुंटा पुढे लोटीत आहेत, अशी कल्पना करावी. जाते एकाच दिशेने, संथपणे फिरत राहील. तीन फेजच्या मोटारीत हेच घडते. तिन्ही प्रवाह सेकंदाच्या दीडशेव्या भागाच्या अंतराने एकामागून एक शिखर गाठतात आणि त्यांचे चुंबकीय क्षेत्र गोल फिरते. आता एकटीनेच खुंटा एकाच रेषेत पुढे-मागे केला तर? जाते थरथरेल, फिरणार नाही. एका फेजवर जोडलेली मोटार अशीच जागच्या जागी गुणगुणते, कित्येक पट प्रवाह ओढते आणि थोड्याच वेळात जळते.

कंडेन्सर म्हणजे या जात्याला दिलेला उसना तिसरा हात. त्याने प्रवाह मागे-पुढे सरकून मोटार फिरू लागते, हे खरे. परंतु हा हात एकाच भाराला जमतो. मिरची कमी-अधिक पडली की तोल बिघडतो आणि एखादी गुंडाळी तापते. मोटारीची पुरी ताकदही मिळत नाही. सुमारे दोन-तृतीयांशावर समाधान मानावे लागते. शिवाय वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये भार साठून राहतो व हात लावणाऱ्यास झटका देतो. क्वचित चालणाऱ्या यंत्राला हा उपाय निभतो. पोटापाण्याच्या चक्कीला तो आम्ही सुचविणार नाही.

कारखानदार मंडळी दुसरी तीन फेजची मोठी मोटार रिकामी फिरवून तिच्याकडून तिसरा फेज मिळवितात. अनेक यंत्रे असतील तर ते ठीक. पडवीत मात्र आवाज आणि फुकट जाणारी वीज दोन्ही जाचतील.

तिसरा मार्ग ‘व्हीएफडी’ अथवा नुसत्या ‘ड्राइव्ह’ या नावाने मिळणाऱ्या पेटीचा. एका फेजची वीज घेऊन ती प्रथम एकदिश करते आणि मग तीन फेज घडवून मोटारीस देते. मोटारही हळूहळू वेग घेते. घरातले दिवे मिणमिणत नाहीत. यात एक मेख आहे. 230 व्होल्ट घेणारी साधी पेटी तेवढाच दाब देते आणि मोटार तर 415 व्होल्टची! पण एवढ्या लहान मोटारी बहुधा स्टार जोडणीच्या असतात. मोटारीच्या डब्यात सहा टोके असतील आणि नामपट्टीवर डेल्टासाठी 230 अथवा 240 व्होल्ट लिहिले असेल, तर जोडणी डेल्टा करून घ्यावी. 415 ला 1.732 ने भागले की 240 येतात, हाच त्याचा हिशेब. तीनच टोके बाहेर असतील तर जाणत्या वाइंडरकडून आधी पाहून घ्यावे.

पेटी एका फेजच्या वीजपुरवठ्यासाठीच बनविलेली आहे ना, हे विकत घेताना विचारावे. ती वाहिनीतून वीस-पंचवीस अँपियरपर्यंत प्रवाह ओढू शकते. तेव्हा स्वतंत्र तार, योग्य एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवेच. पेटी आणि मोटार यांच्यामध्ये चालू-बंद करण्याचे बटण ठेवू नये. पेटी उघडण्यापूर्वी वीज तोडून काही मिनिटे थांबावे. वेग कमी करण्याची सोय आहे म्हणून तो मोहही नको. वेग उतरला की दळण जाडसर पडते आणि मोटारीचा पंखाही मंदावतो.

तथापि सर्वांआधी एक काम करावे. वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन तीन फेजच्या जोडणीस किती खर्च येईल, हे लेखी विचारावे. घराजवळच्या खांबावर तिन्ही फेज असतील तर तो खर्च पेटीच्या किमतीशी ताडून पाहता येईल. दिवसभर चक्की चालणार असेल तर खरी तीन फेजची वीजच श्रेयस्कर. दोन-चार तासांचेच दळण असेल तर पेटी पुरे. पेटी घेतली तरी घरगुती मीटरवर परस्पर धंदा सुरू करू नये. वाढीव भार आणि व्यवसाय कंपनीस कळवावा. पुढे दंड भरण्यापेक्षा आजचा हेलपाटा स्वस्त.

राहिला भंगाराचा सल्ला. ज्या मोटारीने दोन मुले शिकविली, ती धडधाकट आहे. तिला उणा आहे तो केवळ जात्याचा तिसरा हात, आणि तो नीट पारखून देता येतो. ताई, मोटार विकू नका.