न गंजणाऱ्या स्टीलला गंज का लागतो?

लग्नातल्या आहेराच्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. दुकानदार यंत्राच्या सुईने टिंब टिंब करीत नाव कोरतो. तो तांब्या पुढे वीस वर्षे घासला जातो, पण त्या अक्षरांत गंज धरत नाही. उलट, चकचकीत मुलामा दिलेल्या सायकलच्या हँडलला खोल चरा पडला की तिथून गंज सुरू होतो.

स्टीलच्या भांड्यावर मुलामा नसतो. पोलादातच निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेले असते. हवेतल्या प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन वर एक पापुद्रा धरतो. एका मिलिमीटरमध्ये काही लाख थर मावतील इतका तो पातळ. चरा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा धरतो. 1913 साली इंग्लंडमधील शेफिल्ड येथे हॅरी ब्रेअर्ली यांनी असे पोलाद तयार केले. ते पोलाद वितळवणाऱ्या कामगाराचे पुत्र. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि कारखान्यात लागले. शोध लागत होता बंदुकीच्या नळीसाठी, पण उपयोग झाला तो घराघरातल्या स्वयंपाकघराला!

या पापुद्र्याचा वैरी म्हणजे मीठ. मीठ किंवा ब्लीचिंग पावडरचे पाणी भांड्यात रात्रभर राहिले तर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. मिठाला चिनी मातीची बरणीच बरी. लोखंडी तारेच्या घासणीचे कण भांड्याला चिकटून गंजतात आणि दोष मात्र स्टीलच्या माथी येतो. चुंबक चिकटला म्हणजे माल खोटा, असेही बाजारात म्हणतात. ते खरे नाही. चुंबक चिकटणारेही अस्सल स्टेनलेस असते आणि कमी निकेलच्या स्वस्त मालाला चुंबक चिकटत नाही.

पण आज आम्हाला जास्त बोलायचे आहे ते फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांविषयी. हॉटेलचे ओटे, दुधाच्या टाक्या, जिन्याचे कठडे त्यांच्या हातून होतात. वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळ निळा-काळा डाग पडतो. त्या डागाखाली क्रोमियम कमी झालेले असते आणि गंज पहिल्यांदा तिथेच लागतो. म्हणून सांध्याला पिकलिंग पेस्ट लावतात, ती डाग आणि खालचा कमजोर थर खाऊन टाकते. मग भरपूर पाण्याने धुतले की नवा पापुद्रा धरतो. साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती किंवा तारेचा ब्रश पुन्हा स्टीलला लावला तर ही मेहनत वाया जाते.

या पेस्टमध्ये बहुधा नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अशी दोन ऍसिडे असतात. यातले दुसरे फसवे आहे. सौम्य असेल तर लागताच आग होत नाही, काही तासांनी ठणका सुरू होतो. तोवर ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत पोचलेले असते. जास्त जागा भाजली तर रक्तातले कॅल्शियम उतरून हृदयही बंद पडू शकते. आणि ही पेस्ट कुठे कुठे उघड्या हाताने, बंद खोलीत लावली जाते! मालकाने जाड ऍसिडचे हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा दिलीच पाहिजे. वीज आणि फॉस्फोरिक ऍसिड वापरून सांधे साफ करणारी यंत्रेही आता मिळतात. यंत्र महाग पडते म्हणणाऱ्याने हाताची किंमत काय लावली, हे आम्हाला विचारावेसे वाटते.

पेस्ट अंगाला लागली तर दुखण्याची वाट पाहू नका. कपडे काढा, वाहत्या पाण्याने लगेच धुवा, मग कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हातमोजे घालून चोळत राहा आणि इस्पितळ गाठा. डोळ्यात गेले तर जेल लावू नका, फक्त पाणी मारत तडक इस्पितळात न्या. ही जेल पेस्टच्या डब्याशेजारीच हवी, नसेल तर कामाला हात लावण्याआधी मागून घ्या. डॉक्टरांना नुसते “ऍसिड लागले” असे सांगू नका. हायड्रोफ्लोरिक हे नाव सांगा आणि डब्यावरची चिठ्ठी सोबत न्या.