कुंपणच शेत खाते तेव्हा

बंदराची सुरक्षा म्हटली की उंच कुंपण, कॅमेरे आणि क्ष-किरण यंत्रे डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेवरील २००१ च्या हल्ल्यानंतर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षेची संहिता संमत केली आणि १ जुलै २००४ पासून ती अमलात आली. बंदरांतील धोका अजमावावा, आराखडा आखावा, जबाबदार अधिकारी नेमावा, असे तिचे बंधन आहे. त्यामुळे पहारा वाढला, हे निर्विवाद. परंतु तेवढ्याने बंदरे सुरक्षित होतात काय?

यंत्रांवरील भरवशाची मर्यादा अमेरिकेच्याच अनुभवातून दिसते. देशात येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरातच तपासून घ्यावा, असा कायदा तिने २००७ मध्ये केला. मुदत २०१२ ची ठेवली. ती पुनःपुन्हा लांबणीवर टाकावी लागली. खोळंबलेल्या मालावर व्याज व भाडे चढत राहते आणि तो बोजा अखेर ग्राहकाच्याच माथी येतो. म्हणून सर्वत्र निवडक कंटेनरच उघडले जातात. ही निवड कागदपत्रे आणि खबर यांच्या आधारे होते. साहजिकच सुरक्षेची खरी भिस्त माहितीवर व ती हाताळणाऱ्या माणसांवर राहते.

सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातमधील मुंद्रा बंदरात सुमारे ३,००० किलो हेरॉईन सापडले. कागदोपत्री तो माल शंखजिऱ्याचा होता. तो पकडला गेला तो महसूल गुप्तवार्ता संचालनालयाला मिळालेल्या खबरीमुळे. उलट बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात कंटेनर सोडविण्याचे सांकेतिक क्रमांक तस्करांनी पैसे चारून मिळविले. तेथे २०२३ मध्ये सुमारे ११६ टन कोकेन जप्त झाले. बैरुतची कथा आणखी निराळी. गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट पडून असल्याचे सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी वारंवार लेखी कळविले होते. कोणी हलले नाही. ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटात दोनशेहून अधिक माणसे मेली.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील स्फोटके रायगडमधील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. ती उतरू दिल्याबद्दल पोलीस व सीमाशुल्क खात्यांतील काही जणांना २००६ मध्ये टाडा न्यायालयाने दोषी ठरविले.

यंत्रखरेदीचा आकडा अंदाजपत्रकात दिसतो, उद्घाटनाचा समारंभही होतो. रिकाम्या जागा भरणे, मोक्याच्या जागांवरील माणसे ठराविक काळाने बदलणे, माल सोडण्यास दोघांची संमती आवश्यक ठरविणे, धोक्याच्या पत्राला मुदतीत उत्तर देणे आणि खबर देणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण देणे, यांचा गाजावाजा होत नाही. खर्चही तुलनेने थोडा. तरीही बंदरांच्या सुरक्षेची किंमत मोजायची, तर पहिला रुपया याच कामांवर खर्चावा लागेल.