फाटकावरची मराठी

सकाळी सव्वासातच्या सुमारास आपल्या इंदूरच्या कोणत्याही कॉलनीत जाऊन पाहा. वळणावर गाणे ऐकू येऊ लागते आणि एरवी तीन-तीन गजर लावूनही न उठणारी घरे खडबडून जागी होतात. कचऱ्याची गाडी आली! एका हातात ओल्या कचऱ्याची बादली, दुसऱ्या हातात सुक्याची, गाऊनवर घाईने ओढलेली ओढणी आणि पायात सापडतील त्या चपला, अशा थाटात गृहिणी फाटकाशी हजर होतात. पुरुष मंडळींवर ही पाळी आली, तर ते ती बादली अशी लांब धरतात, की जणू ती शेजाऱ्यांची आहे आणि आपण केवळ उपकार म्हणून आणली आहे.

२०१७ ते २०२३ या सलग सात सर्वेक्षणांत आपले शहर स्वच्छतेत देशात पहिले आले. (सातव्या वेळी सुरतेने त्यात वाटा घेतला, तो सल काहींच्या मनात अजून आहे.) या यशात आपल्या बादल्यांचा वाटा मोठा आहे, हे सगळेच मान्य करतात. मला मात्र या गाडीचा आणखी एक उपयोग दिसतो आणि तो कोणत्याही सर्वेक्षणात मोजला जात नाही. ही गाडी आपल्याला दिवसातून चार मिनिटे घराबाहेर काढते. समोरच्या वहिनी, कोपऱ्यावरचे निवृत्त काका, वरच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू, सगळे एकमेकांच्या दृष्टीस पडतात. नर्मदेचे पाणी आज येणार की उद्या, इथपासून पोह्यांवर शेव किती घालावी इथपर्यंत बोलणे होते.

आता प्रश्न असा, की हे बोलणे कोणत्या भाषेत होते?

आमच्या गल्लीतली एक गंमत सांगतो. दोन वर्षांपूर्वी समोरासमोरच्या घरांत दोन कुटुंबे राहायला आली, एक ग्वाल्हेरचे आणि एक देवासचे. हल्ली घरावर आडनावाची पाटी लावायची पद्धत राहिली नाही. एका दारावर 'आशीर्वाद', दुसऱ्यावर नुसता घर क्रमांक. दोन्ही घरच्या बायका रोज सकाळी गाडीपाशी भेटत आणि छान हिंदीत बोलत. 'भाभीजी, आज नर्मदा आई क्या?' 'नहीं जी, कल आएगी.' असे आठ-दहा महिने चालले. एके दिवशी एकीची मुलगी स्कूटर काढून निघाली आणि आईने मागून हाक मारली, "अगं, हेल्मेट! आणि डबा कोण नेणार, मी?" समोरच्या बाईंची बादली हातातच राहिली. "अय्या, तुम्ही मराठी?" त्या आनंदात कचरा गाडीत टाकायचा राहून गेला आणि गाडी पुढे निघून गेली. खरी गंमत त्यापुढची. दुसऱ्या दिवशी दोघी भेटल्या आणि सवयीने पुन्हा 'भाभीजी' सुरू झाले! जीभ वळायला चांगला आठवडा लागला.

हसण्यासारखे आहे, पण मला त्याची थोडी धास्तीही वाटते. १८१८ नंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली, तेव्हापासून किंवा त्याआधीपासून आपल्यापैकी अनेकांची घराणी इथे आहेत. या दोनशे वर्षांत मराठी घराघरांत बोलली जात होतीच, पण ती फाटकाबाहेरही पडली होती. नाहीतर हिंदी बोलणाऱ्या शहराने आपल्या राजांच्या घराला महाल न म्हणता 'राजवाडा' म्हटले असते का? आजही रिक्षावाला 'राजवाडा, राजवाडा' असे ओरडतो, तेव्हा तो आपल्या नकळत मराठी बोलत असतो. ग्वाल्हेरला गेलात तर तिथे 'महाराज बाडा' आहे, तोही आपला वाडाच.

सराफ्यात रात्री जाऊन भुट्ट्याचा कीस खा. सगळे शहर त्याला 'भुट्टे का कीस' म्हणते. भुट्टा हिंदी आणि कीस आपल्या किसणीतून निघालेला. हा शब्द कोणी परिसंवाद भरवून हिंदीला दिलेला नाही. कुणा काकूंनी शेजारणीला वाटी दिली असेल, तिने नाव विचारले असेल आणि नाव वाटीबरोबर गेले असेल, असे मला आपले वाटते. पुरावा मात्र मागू नका.

आणि 'ताई'! १९८९ पासून २०१४ पर्यंत सलग आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून गेलेल्या सुमित्रा महाजन यांना सारे शहर, मग तो मारवाडी असो, सिंधी असो की माळवी, ताई म्हणते. हिंदीत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. उत्तरेकडून नुकत्याच बदलून आलेल्या माणसाला क्षणभर वाटते, की या शहरात सगळ्यांची काकू एकच आहे.

'जूनी इंदौर'वरही काही मंडळी आपला हक्क सांगतात. पण तिथे जपून बोलावे. जुने हा शब्द गुजरातीतही आहे आणि माळवीतही. सगळेच आपले म्हणण्यात अर्थ नाही.

आता मुलांकडे येतो. आपल्या शाळेच्या मुलांना एक मोठी सोय आहे, ती परदेशातल्या मराठी मुलांना नाही. हिंदीमुळे देवनागरी त्यांना आयतीच येते. मराठीचे पुस्तक हातात दिले तर ती घडाघडा वाचतात. मराठी त्यांना समजतेही. अडते ते बोलण्यात. आई मराठीत विचारते आणि चिरंजीव हिंदीत उत्तर देतात, हे बहुतेक घरांतले चित्र आहे. पुण्याच्या आजीचा फोन आला, की बाबांना दुभाषी म्हणून मध्ये बसावे लागते. आजी विचारते, "काय रे, शिक्षा झाली का कधी शाळेत?" नातू अभिमानाने सांगतो, "रोज होती है!" शिक्षा म्हणजे हिंदीत शिक्षण, हे आजीला कोण सांगणार? ती बिचारी दोन दिवस काळजीत.

यावर आपण काय उपाय करतो? वक्तृत्व स्पर्धा घेतो. माझा स्पर्धेला विरोध नाही. पण आईने लिहिलेले, आजीने दुरुस्त केलेले आणि मुलाने अर्थ न कळता पाठ केलेले भाषण 'अध्यक्ष महाशय'पासून 'जय महाराष्ट्र'पर्यंत एका श्वासात म्हणून झाले, की तो मुलगा व्यासपीठावरून उतरून मित्राला विचारतो, 'कैसा था, भिया?' टाळ्या पडतात, पेला मिळतो आणि भाषा व्यासपीठावरच राहते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याचा निर्णय झाला, तेव्हा आम्ही गल्लीत पेढे वाटले. त्या पेढ्यांचे कारण निम्म्या मराठी घरांतल्या मुलांना हिंदीत समजावून सांगावे लागले, हेही इथे नोंदवून ठेवतो.

मी म्हणतो, मुलाला व्यासपीठावर पाठवा, पण आधी फाटकावर पाठवा. दहा वाजता भाजीची हातगाडी येते. सुटीच्या दिवशी दहा वर्षांच्या मुलाच्या हातात पिशवी द्या आणि त्याला मराठीत यादी सांगा : पाव किलो वाटाणे, एक दोडका, शेवग्याच्या शेंगा, थोडी कोथिंबीर. गाडीवर त्याला यातले काहीच सापडणार नाही! तिथे आहे बटला, तुरई, सुरजना आणि हरा धनिया. मुलगा गाडीपासून स्वयंपाकघरापर्यंत चार खेपा घालील. घोसाळे म्हणजे गिलकी आणि दुधी म्हणजे लौकी, हे त्याला त्या खेपांत असे पक्के होईल, की कोणत्याही शब्दार्थांच्या वहीत होणार नाही. शिवाय भाजीवाला 'डेढ़ पाव' म्हणाला तर ते दीड पाव, म्हणजे तीनशे पंचाहत्तर ग्रॅम, हे गणितही तिथेच सुटेल. मोबाइलवरच्या दुकानात अडीचशे ग्रॅम मिळते, पाचशे मिळते. दीड पाव मिळत नाही.

आणखी एक. आपल्या मुलांना 'ळ' म्हणता येत नाही, ही बाईंची नेहमीची तक्रार. बाळ म्हणताना बाल, टिळक म्हणताना तिलक. हिंदीत तो उच्चार राहिलेला नाही, त्यात मुलांचा दोष नाही. पण खेड्यातून भाजी घेऊन येणारी मावशी माळवी बोलते आणि माळवीत 'ळ' जिवंत आहे. ती 'काळो' म्हणते, ते कान देऊन ऐका. आपण ज्यासाठी शिकवणी लावायला तयार आहोत, ते मावशीकडे कोथिंबिरीच्या जुडीबरोबर फुकट मिळते. वर चार हिरव्या मिरच्याही.

मात्र हे सगळे व्हायला फाटक उघडावे लागते आणि तेच आता कमी होत चालले आहे. रामबाग, नारायणबागेतली कुटुंबे बायपासकडच्या टाउनशिपमध्ये गेली. तिथे हातगाडीला आत सोडत नाहीत. दूध, भाजी, पोहे, औषध, सगळे पिशवीत बंद होऊन दाराशी येते. आणणारा मुलगा घाईत असतो, त्याला पुढची दहा घरे करायची असतात. तो एवढेच विचारतो, 'ओटीपी?' आपला मुलगा दार बोटभर उघडून चार आकडे सांगतो, तेही इंग्रजीत, आणि दार लागते. संवाद संपला! अशा घरातून शब्दाची वाटी कुणाकडे जाणार आणि कुणाकडून येणार? सोय वाईट आहे असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात मीही तिचा लाभ घेतो. पण आठवड्यातले दोन दिवस तरी दार पुरते उघडावे, इतके मागणे मोठे नसावे.

पालकांना एक विनंती थोड्या कडक शब्दांत करतो, राग मानू नये. मूल मराठी बोलू लागले, की लगेच चूक काढू नका. 'मी येऊन राहिलो आहे', 'मला माहीत पडलं', हे आपले इंदुरी मराठी आहे. पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात. त्यांना हसू द्या, जेवणानंतर हसणे पचनाला चांगले असते. पण आपण स्वतः चारचौघांत 'असं नाही म्हणत' म्हणून मुलाला टोकतो, तेव्हा ते मूल शुद्ध मराठी बोलू लागत नाही. ते हिंदीत बोलू लागते. तिथे त्याला कोणी टोकत नाही. मी तरी वाकडी मराठी चालवून घेईन. मुकी मराठी मला चालणार नाही.

विश्वस्त मंडळींनाही एक सूचना. आपल्या शाळेत मराठी विषय घेणारी मुले किती उरली, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, त्यामुळे आकड्यात शिरत नाही. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, या वेळी वक्तृत्वाबरोबर एक निराळी स्पर्धा ठेवावी. प्रत्येक मुलाने आपल्या गल्लीत हिंडून फाटकावर ऐकलेले वीस शब्द वहीत लिहून आणायचे. एकाच वस्तूला आपल्या घरी काय म्हणतात, शेजारी काय म्हणतात, गाडीवाला काय म्हणतो, हे तीन रकान्यांत मांडायचे. शेजाऱ्यांत कोणी सिंधी, गुजराती असतील तर चौथा रकाना आपसूक तयार होईल. आजोबांना आठवणारे आणि आता कोणी न म्हणणारे शब्द मिळाले, तर त्यांना दोन गुण जास्त द्यावेत. खर्च वहीचा आणि पेन्सिलीचा. पेले कमी लागतील, म्हणून खजिनदारांचाही पाठिंबा मिळेल, अशी आशा आहे.

परीक्षकांचे काय, असे कोणी विचारील. बाहेरगावाहून साहित्यिक बोलावण्याची गरज नाही. मराठीच्या बाईंच्या शेजारी माळवी बोलणाऱ्या भाजीवाल्या मावशींना खुर्ची द्यावी. मी त्यांना विचारून ठेवले आहे. अकरानंतर त्या मोकळ्या असतात, फक्त हातगाडी शाळेच्या आवारात उभी करू द्यावी, एवढीच त्यांची अट आहे.