यंत्रे आली, सराव कधी?

मध्यंतरी एका नव्या रुग्णालयाच्या उद्घाटनाला गेलो होतो. दोन व्हेंटिलेटर आणले होते, त्यांना हार घातले होते. तेथील सिस्टरना मी हळूच विचारले, "रात्री वीज गेली तर?" त्या म्हणाल्या, "जनरेटर आहे ना, सर." तो सुरू कोण करतो, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते.

अतिदक्षता विभागाची सुरुवात कशी झाली, हे अशा वेळी आठवते. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज दाखल होऊ लागले आणि श्वास देणारी यंत्रे होती मोजून सात. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. तेव्हा डॉ. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञांनी गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास देण्याचा मार्ग दाखवला. पण दाबणार कोण? वैद्यकीय महाविद्यालयांचे सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसले. मृत्यूचे प्रमाण शेकडा ८७ वरून पुढे सुमारे २५ पर्यंत खाली आले. यंत्रे अपुरी होती. माणसे मात्र शिकवलेली आणि नेमून दिलेली होती.

आपल्याकडे काय घडले? ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली, दहा बालके गेली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली. पुरवठा खंडित होऊन वीसहून अधिक रुग्ण दगावले. टाकी होती, नळ्या होत्या. पण टाकी बंद पडली तर पुढची पाच मिनिटे कोणी काय करायचे, याची तालीम प्रत्येक रुग्णालयात आधीच झालेली असायला हवी.

दुसऱ्यांकडे बोट दाखवताना माझीही चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी दम्याने घुसमटलेले एक शेतकरी माझ्या दवाखान्यात आले. ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले होते, पण ते उघडण्याचा पाना सापडेना! कंपाउंडरने कपाटे उपसली. इंजेक्शन लागू पडले म्हणून ते वाचले. त्या दिवसापासून पाना साखळीने सिलिंडरलाच बांधला आहे आणि दर सोमवारी सकाळी आम्ही सगळे उघडून, चालवून पाहतो. खर्च? साखळीपुरता.

माझे स्पष्ट मत आहे, की नवे यंत्र घेण्याआधी प्रत्येक रुग्णालयाने महिन्यातून एकदा, तेही रात्रपाळीत, सराव करावा. वीज गेली, ऑक्सिजन संपला, आग लागली. कोणी कोठे धावायचे? प्रत्येक खाटेजवळ हाताने श्वास देण्याची पिशवी असावी आणि ती वॉर्डबॉयलासुद्धा वापरता यावी. "माणसे कमी आहेत," असे उत्तर मिळते. माणसे कमी असतील तर सराव जास्तच हवा.

वाचकहो, उद्या आपला माणूस दाखल कराल, तेव्हा बिलाबरोबर एवढेही विचारा : बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कोणता, आणि त्याला कुलूप तर नाही ना? डॉक्टर रागावणार नाहीत. रागावलेच, तर दरवाजा स्वतः पाहून या.