शस्त्र न धरलेला सैनिक

'पोलीस ॲक्शन'च्या पहिल्याच दिवशी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय सैन्याने सोलापूरकडून येऊन नळदुर्ग घेतले. धाराशिव जिल्ह्यातील श्रावकाला म्हणूनच एक प्रश्न केवळ पोथीतला वाटू नये: अहिंसेचे अणुव्रत पाळणाऱ्याने देशावरील संकटात काय करावे? शास्त्राने गृहस्थावर संकल्पी हिंसेच्या त्यागाचे बंधन घातले. विरोधी हिंसेच्या बाबतीत त्याला मोकळीक ठेवली. अमेरिकेच्या डेस्मंड डॉसने, ख्रिस्ती श्रद्धेपोटी, तशी मोकळीकही नाकारली. मात्र रणांगण सोडले नाही. त्याच्यावरचा 'हॅकसॉ रिज' हा मेल गिब्सन दिग्दर्शित चित्रपट २०१६ साली आला.

मे १९४५ मध्ये ओकिनावा बेटावर शुश्रूषा पथकातील या निःशस्त्र सैनिकाने जखमींना एकेक करून दोराने कड्याखाली उतरविले. किती जण वाचले? तो म्हणे ५०, अधिकारी म्हणत १००. अखेर नोंद ७५ची झाली. आपल्याच खात्यावर कमी जमा मांडणारा असा हिशेबनीस विरळा.

व्हेनिस महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून दाद दिली. पुढे संकलन व ध्वनिमिश्रणासाठी ऑस्करही मिळाले. तरीही काही समीक्षकांनी घेतलेला आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही: नायक अहिंसेचा, कॅमेरा मात्र हिंसेत रमलेला. छिन्नविच्छिन्न देह, ज्वाळांत होरपळणारी माणसे यांवर तो रेंगाळतो. जपानी सैनिकांना तर जवळजवळ चेहराच नाही. समर्थकांचे म्हणणे असे की, नरक दाखविल्यावाचून त्यात उभे राहिलेल्याचे धैर्य कळणार नाही. ते काही अंशी खरे आहे. परंतु संथ गतीने फुलणारा स्फोट प्रेक्षणीय होतो, आणि प्रेक्षणीय वस्तूला नकळत दाद जाते. कृत, कारित यांच्या जोडीने अनुमोदितही हिंसाच मानणाऱ्या प्रेक्षकाचा हात टाळीपूर्वी थबकावा, इतके ते उघड आहे.

आश्चर्य असे की, सर्वांत बोलका प्रसंग गिब्सनने गाळला. प्रेक्षकांना तो खरा वाटणार नाही, अशी त्याला शंका होती. हातबॉम्बने पाय जखमी झालेला डॉस स्ट्रेचरवरून खाली उतरला आणि अधिक गंभीर जखमीला आधी न्यावयास सांगितले. वाट पाहत असता गोळी लागून त्याचा हात मोडला. तेव्हा त्याने बंदुकीचा दस्ता मोडक्या हाताला आधारासाठी बांधला आणि ३०० यार्ड सरपटत उपचार केंद्र गाठले.